जिवाणीची बादली

माताजी, विहिरीला पाणी आहे. वैशाख लागला, गावात टँकर सुरू होऊन महिना झाला, आणि आमच्या मंदिरामागच्या विहिरीत दोन पुरुष खोल पाणी उभं आहे. वाकून पाहिलं की माझं तोंड दिसतं, साठी उलटलेलं, समोरचा एक दात गेलेलं, आणि तरी हसणारं. ही बातमी पहिल्यांदा तुम्हाला द्यायची होती. तुम्हाला समाधी घेऊन चाळीस वर्षं होत आली, पण तेवढ्यामुळे सांगायचं राहिलं अशी सबब मला देता येणार नाही. तुम्ही समोर बसला होता तेव्हाही मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती आणि मी ती सांगितली नव्हती. म्हणून आज दोन्ही लिहायला बसले आहे. आधी आनंदाची लिहून टाकावी असं फार वाटत होतं, पण दुसरीशिवाय ती कळायची नाही.

तुम्ही आमच्या गावी चातुर्मासाला आलात तेव्हा मी सतरा वर्षांची होते. अर्धापूरच्या अलीकडचं आमचं गाव, चहूकडे केळीचे मळे आणि जैनांची घरं मोजून नऊ. एवढ्या मोठ्या आर्यिका, ज्यांच्यासाठी नांदेडचे लोक दोन वर्षं विनंती करत होते, त्या नऊ घरांच्या गावात चार महिने थांबणार, हे पहिले आठ दिवस कुणाला खरंच वाटेना. अंगावर एक पांढरी साडी, हातात वाटेतले जीव हळूच झाडून बाजूला करायची मोरपिसांची पिंछी, कमंडलू धरायला सोबत एक ताई. आम्ही मुलींनी मनाशी ठरवून टाकलं होतं की साध्वी म्हणजे मंद हसणार आणि गोड गोड बोलणार. तुम्ही पहिल्याच प्रवचनात डुलक्या घेणाऱ्या माझ्या काकांना नावानं हाक मारलीत आणि विचारलंत की झोपलाय तो आत्मा की देह, आणि देह असेल तर त्याला घरी पाठवून द्या, आत्म्याला बसू द्या. सगळा मंडप हसला. काका चार महिने पहिल्या रांगेत ताठ बसले. तुमचं मूळ गाव कर्नाटकातलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच कानडी शब्द यायचा आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसायचा. 'निधान' हा त्यातला मला पाठ झालेला शब्द. निधान म्हणजे सावकाश. जिना उतरताना, पोथी उलगडताना, कुणी भराभर स्तोत्र म्हणायला लागलं की तुम्ही म्हणायचा, निधान, निधान.

तुमच्या आहाराचं पाणी भरायचं काम माझ्याकडे आलं ते मी गुणाची म्हणून नव्हे, तर घरात दंडात बळ असलेली मीच होते म्हणून. साधूंना नळाचं पाणी चालत नाही, विहिरीचंच लागतं, आणि ते दुहेरी जाड गाळण्यातून गाळावं लागतं, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. पण खरं काम गाळून झाल्यावर सुरू होतं. गाळण्यात जे अडकतं, डोळ्यांना दिसणारं आणि न दिसणारं, ती जिवाणी. ती फेकायची नाही. गाळणं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं, ते पाणी एका छोट्या बादलीत घ्यायचं आणि ज्या विहिरीतून आलं तिच्यातच परत पोचवायचं, कारण त्या जिवांचं घर ते. त्या बादलीच्या बुडाला एक कडी असते. दोरीनं बादली खाली सोडत सोडत पाण्याला टेकवायची, मग हलकासा झटका द्यायचा की ती पाण्यातच उलटते आणि आतलं सगळं न आपटता पाण्यात मिसळतं. वरून ओतलं तर पडूनच मरतील. या सगळ्याला वेळ लागतो. आमची विहीर खोल होती आणि माझ्या जिवाला तेव्हा वेळ नावाची गोष्ट मुळीच सोसत नव्हती.

तो दिवस आश्विनातला. ऊन असं की केळीची पानंसुद्धा मिटल्यासारखी दिसत होती. त्या दिवशी आहार आमच्या घरी व्हावा म्हणून आईनं पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक मांडला होता, आणि मी मैत्रिणीबरोबर अकराच्या एसटीनं नांदेडला फोटो काढायला जाणार होते. स्टुडिओतला पहिला फोटो. मामीची जांभळी साडी मागून आणून ठेवली होती, वेणी घालायची राहिली होती. मी पाणी काढलं, गाळलं, जिवाणी बादलीत घेतली, विहिरीच्या काठावर उभी राहिले, दोरी हातात घेतली आणि मग सोडून दिली. बादली तशीच काठावरून उपडी केली. खाली पाणी धपकन वाजलं. मी घराकडे वळले तर मंदिराच्या ओसरीत तुम्ही पोथी समोर ठेवून बसला होता. तुम्ही विचारलंत, जिवाणी सोडली का. मी म्हटलं, हो. तुम्ही म्हणालात, "आवाज झाला." मी म्हटलं, बादली हातातून निसटली. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा पोथीत पाहिलंत. सुटले, असं मला वाटलं.

दहाच्या सुमाराला तुम्ही दिवसातल्या एकुलत्या एका आहाराला निघता. आम्ही घरची सगळी दारात कलश घेऊन उभी आहोत, वंदामि माताजी, इथे थांबा, इथे थांबा, असं म्हणतो आहोत, आणि तुम्ही सात दारं ओलांडून आमच्या दारात थांबता. आईचे डोळे भरून येतात. आत पाटावर तुम्ही बसता. आता ज्यांना आहार द्यायचा आहे त्या प्रत्येकानं म्हणायचं असतं: मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-जल शुद्ध आहे. आई म्हणते, काकू म्हणते. मीही म्हणते, आणि चोराचं मन म्हणून की काय, सगळ्यांत मोठ्यांदा म्हणते. तुम्ही माझ्याकडे बघता. रागानं नाही, शिंप्यानं कापडाला बघावं तसं, नुसतं नीट. मग ओंजळ पुढे करता. पहिलं पाणी मीच घालते. पाणी ओंजळीत पडतं, आणि तुम्ही हळूच बोटं उघडता. सगळं पाणी खालच्या परातीत जातं. तुम्ही उठता आणि बाहेर पडता.

अंतराय झाला, एवढंच सगळ्यांना कळलं. आहारात केस किंवा किडा दिसला की साधू तिथेच थांबतात, आणि त्या दिवशी पुन्हा अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. तुमच्या नेमाप्रमाणे पुढचं पाणी दुसऱ्या दिवशी दहाला. म्हणजे आदल्या दिवशीच्या आहारापासून दोन दिवस कोरडे, त्या उन्हात, सत्तरीच्या घरातल्या बाईनं. आई जमिनीवरच बसली. केस पडला असणार, माझाच असणार, असं ती म्हणत राहिली. काकूनंही तसंच ठरवलं आणि दुपारपर्यंत गावानंही. आईनं चार महिने तूप सोडलं, आणि त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात डोक्याला पांढरं फडकं घट्ट बांधायला लागली, ते कायमचं. मी काय केलं ते सांगते. आई म्हणाली, तू तरी जा, तुझा दिवस कशाला घालवतेस. आणि मी गेले. तो फोटो अजून माझ्या कपाटात आहे. त्यात मी हसते आहे, माताजी. चांगली दिसते आहे.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला विहिरीवर बोलावलंत. मला वाटलं आता सगळं निघणार. मी रात्रभर काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. तुम्ही काहीच विचारलं नाही. चार हात लांब उभ्या राहून, न गाळलेल्या पाण्याला हात लागू नये म्हणून हात मागे घेऊन, मला फक्त बादली सोडायला लावलीत. दोरी हिसके खात होती, आणि तुम्ही म्हणत होता, निधान, निधान. बादली टेकली, उलटली. तुम्ही विचारलंत, आता आवाज झाला का. मी म्हटलं, नाही. "घाईला कान नसतात, पोरी. मला आहेत," एवढंच तुम्ही म्हणालात आणि ओसरीकडे निघालात. तेवढंच तुमचं रागावणं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. वाक्य ओठावर आलं होतं. पण रागावणं इतकं थोडक्यात आटोपलं याचाच मला इतका आनंद झाला की मी ते गिळून टाकलं. पुढच्याच आठवड्यात तुम्ही आत्म्याला मळवणाऱ्या चार कषायांवर बोललात, क्रोध, मान, माया, लोभ. माया म्हणजे कपट, यावर एक अख्खी सकाळ घेतलीत. मी आईच्या पाठीमागे बसून ऐकलं.

चातुर्मास संपला तेव्हा ज्यानं त्यानं तुमच्याकडून नियम मागून घेतले. कुणी कांदा सोडला, कुणी रात्रीचं जेवण. तुम्ही म्हणायचा की साधूजवळ द्यायला दुसरं काही नसतं, नियम हीच आमची भेट. मी काहीतरी सोपं मिळेल म्हणून पुढे झाले. तुम्ही म्हणालात की जिथे नांदायला जाशील तिथली एक विहीर जागती ठेव, तिचं पाणी गाळून पी आणि जिवाणी तिलाच परत दे. मी तेव्हा स्वतःला हुशार समजायची. विचारलं, आणि विहीर आटली तर? तुम्ही जराही थांबला नाहीत. "विहीर आटली तर तू आटू नको." आणि पिंछी माझ्या डोक्याला लावलीत.

माझं लग्न निलंग्याच्या वाटेवरच्या या गावात झालं. घर मंदिराला लागून, मंदिरामागे दगडी विहीर. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या की सून हुंड्यात गाळणं घेऊन आली, आणि त्या हे थट्टेत म्हणाल्या की कौतुकात ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या वर्षी तुमच्या समाधीची बातमी आली. आधी धान्य सोडलंत, मग दूध, मग ताक, आणि शेवटी पाणी. मला कळलं तेव्हा सगळं होऊन पंधरा दिवस झाले होते. मी शिवणयंत्रावर बसले होते, बसूनच राहिले. आता सांगायला कुणी उरलं नाही, हे पहिल्यांदा मनात आलं, आणि खरं सांगते, त्यात दुःखाबरोबर थोडी सुटकाही होती. त्याच दिवशी मी मनाशी एक ठरवलं. साधू गावात आले की मी पाणी काढीन, गाळीन, जिवाणी सोडीन, पण आहार द्यायला पुढे होणार नाही. वचन शुद्ध असं म्हणायचं माझं तोंड नव्हतं. चाळीस वर्षं मी मागे भिंतीशी उभी राहिले. लोकांना वाटलं, बाई फार नम्र आहे.

मग लातूरकडचं पाणी कसं गेलं ते सगळ्या देशानं पाहिलं, मी वेगळं काय सांगू. आमची विहीर एका उन्हाळ्यात आटली आणि पुढे पावसाळ्यातही भरेना. टँकर सुरू झाला. तिथे माझी पंचाईत झाली. टँकरचं पाणी गाळलं, पण जिवाणी कुठे सोडायची? आमच्या कोरड्या विहिरीत सोडणं म्हणजे मारणंच. मी टँकरवाल्याला गाठलं. उदगीरकडचा लिंगायत माणूस, जाडजूड, गळ्यात लिंग, तोंडात तंबाखू. पाणी कुठून भरतोस विचारलं तर म्हणाला मांजरेच्या काठाला एका मळ्यातल्या विहिरीतून. मी त्याच्या हातात झाकणाची किटली दिली आणि सांगितलं की ही परत त्याच विहिरीत दोरीनं सोडायची, वरून ओतायची नाही. त्यानं झाकण उघडून बघितलं, नुसतं पाणी. "काकू, लोक पाण्यासाठी भांडायलेत, आन तुमी मला पाणी वापस द्यायल्यात," तो म्हणाला. मी म्हटलं, पाणी नाही, त्यातले जीव. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि किटली सीटखाली ठेवली. रोज मी विचारायची, सोडली का, आणि तो म्हणायचा, व्हय काकू. गावात माझं नाव किटलीकाकू पडलं. पडू दे म्हटलं.

तेवढ्यात मंदिराच्या पंचांनी ठरवलं की कोरडी विहीर बुजवून वर फरशी टाकायची आणि गाड्या लावायला जागा करायची. पंचांचे अध्यक्ष माझे थोरले दीर. त्यांच्यासमोर मी जन्मात आवाज चढवला नव्हता, पदर कपाळावरून मागे गेला नव्हता. त्यांनी मला समजावलं तेही प्रेमानं. म्हणाले, नियम विहिरीपुरता होता ना, विहीर गेली, तू मोकळी झालीस, त्यात दोष नाही. माताजी, ते बोलणं मला फार गोड वाटलं. गुडघे दुखायला लागले होते, लोक हसत होते, आणि घरचा मोठा माणूस धर्माच्या भाषेत सांगत होता की सुटलीस. मी दोन दिवस मोकळी होऊन बघितलं. तिसऱ्या दिवशी तुमचं ते वाक्य आठवलं आणि उठून सरळ पंचांच्या बैठकीत गेले. सांगितलं की मंदिराच्या सभागृहाच्या छपरावरचं पाणी रस्त्यावर वाहून जातं, ते खड्ड्यात वाळू-खडी भरून त्यातून विहिरीत सोडा, आणि आधी विहिरीतला गाळ काढा. थोरले दीर म्हणाले, गाळ काढताना किती जीव मरतील याचा विचार केलास का. मी म्हटलं, भाऊजी, सभागृहाचा पाया काय तुम्ही पिंछीनं झाडून खणला होता? बैठकीत कुणीतरी फस्सकन हसलं. मग मी तुमच्याकडून शिकलेलं सांगितलं, की संसारी माणसाकडून हिंसा पूर्ण टळत नाही, म्हणून तर यत्नानं, जपून वागायचं, हात बांधून बसायचं नाही.  एक पावसाळा देतो, थोरले दीर म्हणाले.

गाळ काढायला मजूर मिळेनात तेव्हा टँकरवालाच आपले चार गडी आणि दोर घेऊन आला. मी काठावर बसून डोळ्यांत तेल घालून बघत होते. बेडूक, गोगलगायी, जे हलताना दिसेल ते ओल्या घमेल्यात काढून त्याच्या हाती देत होते, तो टँकरबरोबर मळ्यातल्या विहिरीवर नेत होता. दुपारी लिंबाखाली भाकरी खाताना तो एकदम म्हणाला, "काकू, एक सांगू का? पयले दोन-तीन महिने मी तुमची किटली नाक्यावरच ओतून देत होतो. तुमी पुसायचा, मी व्हय म्हणायचा. मग मलाच गोड लागंना. लिंग हातावर घेतल्याबिगर मी घास घेत न्हाई, आन तुमच्याशी रोज लबाडी. तवापासून दोरीनंच सोडतो." मला हसू फुटलं आणि लगेच रडू. तो घाबरला, त्याला वाटलं मी त्याच्यावर चिडले. मग मी त्याला सगळं सांगितलं, जांभळ्या साडीसकट. तुम्हाला सांगायचं ते मी चाळीस वर्षांनी पहिल्यांदा तंबाखू चोळणाऱ्या एका टँकरवाल्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की माताजी न्हाईत, पन आई हाय का. मी म्हटलं, आहे.

तरी आणखी दोन वर्षं गेली. पहिल्या वर्षी पाणी पौषापर्यंत टिकलं, दुसऱ्या वर्षी होळीपर्यंत, आणि थोरले दीर प्रत्येक वेळी फक्त म्हणायचे, अजून एक पावसाळा. यंदा चैत्र गेला तरी पाणी हललं नाही. त्यातच निरोप आला की नांदेडकडून पायी निघालेल्या तीन आर्यिका अक्षय तृतीयेला आमच्या गावात असतील. आदिनाथ तीर्थंकरांना वर्षभराच्या उपासानंतर पहिला आहार मिळाला तो दिवस. दिरांनी आठ कोसांवरच्या मळ्यातून विहिरीचं पाणी आणायची सोय करायला फोन उचलला. मी म्हटलं, कशाला? ते उठून मागे आले, विहिरीत वाकले आणि फोन खिशात टाकला. ते वाकून बघणं मला जन्मभर पुरेल.

दर्शनासाठी आईलाही आणलं होतं. पंच्याऐंशी पार, पण ऐकू सगळं येतं. तृतीयेच्या दोन दिवस आधी आम्ही दोघी मागच्या दारात आहाराचे गहू निवडत बसलो होतो. तिच्या डोक्याला ते पांढरं फडकं. मी गव्हाकडे बघत सांगून टाकलं, की त्या दिवशी केस नव्हता, जिवाणी मी वरून ओतली होती आणि माताजींशी खोटं बोलले होते. आईचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "मला ठाव हाय की. आवाज मी बी माघल्या दारातून ऐकला व्हता. माताजींनी हात उघडले तवा कळलं." मी विचारलं, मग हे फडकं कशाला बांधलंस एवढी वर्षं? ती एक खडा बाजूला ठेवत म्हणाली, "तू सतरा वर्षांची व्हतीस. गावानं कुनाकडं तरी बघितलंच असतं. म्हनलं, माझ्याकडं बघू दे." मग माझ्या सुपाकडे बघून म्हणाली की खडे राहिलेत तुझ्यात, नीट निवड. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, गहू सांडेपर्यंत. फडकं सोडतेस का विचारलं तर म्हणाली, आता सवय झाली, बिनफडक्याचं डोकं थंडी वाजल्यासारखं वाटतं.

आणि काल तृतीया झाली. त्या तिघींतल्या मोठ्या माताजी आमच्या दारात थांबल्या. थोरल्या दिरांनीच मला मागून पुढे बोलावलं. मन शुद्ध, मी म्हटलं. वचन शुद्ध, मी म्हटलं. आवाज मोठा नव्हता, पण सरळ होता, आणि आईनं माझ्या मागून तेच शब्द म्हटले. पहिलं पाणी मी घातलं. ओंजळ मिटलेली राहिली. त्या प्याल्या, माताजी. आमच्या विहिरीचं पाणी, वैशाखात, त्या पुरी ओंजळ भरून प्याल्या आणि आणखी घाल म्हणून ओंजळ पुढे केली. टँकरवाला दाराबाहेर हात जोडून उभा होता, तोंडात तंबाखू नव्हता. मला त्या वेळी भीती, लाज, काहीच वाटलं नाही. जिंकले असं वाटलं. कुणाला हरवलं ते माहीत नाही, पण जिंकले.

सगळं आटोपल्यावर मी जिवाणी घेऊन विहिरीवर गेले. गुडघे कुरकुरत होते. निधान, निधान, असं स्वतःशीच म्हणत दोरी सोडली, बादली टेकली, झटका दिला, ती उलटली. आवाज झाला नाही.

हे पत्र कुठे टाकणार, तेव्हा गाळण्याच्या घडीत ठेवून देईन. दुसरी गोष्ट तुम्हाला ठाऊकच होती, तरी माझ्या तोंडून घ्या: बादली निसटली नव्हती. आणि आता लिहितेच आहे तर कालचीही एक. बादली वर आल्यावर मी इकडे तिकडे पाहिलं. ओट्यावर थोरले दीर होते, पंच होते, सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी बादली पुन्हा खाली सोडली, पहिल्याहून सावकाश. असं मिरवणं म्हणजे मान, आणि मान हाही कषायच, हे मला माहीत आहे. पण दुसऱ्या वेळी बादलीत जिवाणी नव्हती, माताजी. ती रिकामी होती.